नेरळ–माथेरान रेल्वे: पायथ्यापासूनच प्रवास करावा अशी गाडी

माथेरानला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांचा मार्ग आता ठरून गेला आहे. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका गाठायचा, वाहनांना पुढे बंदी असल्यामुळे तिथे उतरायचे आणि जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल गाडी पकडून थोड्याच वेळात बाजारपेठेत पोहोचायचे. वृद्धांसाठी, लहान मुलांसाठी आणि सामान असलेल्यांसाठी ही सोय उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. मात्र या जेमतेम तीन किलोमीटरच्या फेरीवरून माथेरानच्या रेल्वेविषयी मत बनवू नये. सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचे खरे सामर्थ्य नेरळ ते अमन लॉज या चढणीत आहे, आणि म्हणूनच हे परीक्षण नेरळहून सुटणाऱ्या पूर्ण गाडीचे आहे.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढून गेले आणि त्यानंतर मुंबईकरांची थंड हवेची जागा म्हणून माथेरान नावारूपाला आले. पुढे मुख्य रेल्वेमार्ग नेरळपर्यंत आला, तरी तिथून वरचा प्रवास घोड्यावर, पालखीत किंवा पायीच करावा लागे. ही उणीव दूर केली ती सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा उद्योजकाने. त्यांनी भांडवल पुरवले आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. १९०४ मध्ये बांधकामाला आरंभ झाला आणि २२ मार्च १९०७ रोजी मार्ग वाहतुकीसाठी खुला झाला. खर्च आला सोळा लाख रुपये. डोंगरी रेल्वे म्हटले की आपल्याला गोऱ्या साहेबाचे कर्तृत्व आठवते. इथे मात्र पैसा आणि जिद्द एका भारतीय कुटुंबाची होती, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. अभियांत्रिकी सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पंढरीच्या वारकऱ्यांना परिचित असलेली बार्शी लाइट रेल्वे उभारणारे ते हेच.

कॅलथ्रॉप यांच्यापुढचा प्रश्न किती कठीण होता, हे एका तुलनेवरून ध्यानात येईल. बोरघाटात मुख्य मार्गाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानच्या मार्गावर काही ठिकाणी हाच चढ २० फुटांना एक फूट इतका आहे. निलगिरीच्या रेल्वेत तीव्र चढणीसाठी रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली आहे. इथे तसा कोणताही आधार न घेता, एकमेकांपासून दोन फूट अंतरावरच्या रुळांवर केवळ चाकांच्या पकडीने गाडी सातशे मीटरांहून अधिक उंची गाठते. त्यासाठी मार्ग डोंगराला अक्षरशः बिलगून नेलेला आहे. चढताना गाडीची दिशा उलटवावी लागेल असे स्थानक टाळावे म्हणून एका ठिकाणी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घातला आहे. त्या वळणावर पुढचे इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी खिडकीतून दिसतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आखणीचे कौशल्य कोणत्याही पुस्तकाविना उमजते.

अशा वळणांवर ताठ आसांचे इंजिन चालणे शक्य नव्हते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीकडून आणलेल्या वाफेच्या इंजिनांना ‘क्लिन-लिंडनर’ पद्धतीचे आस बसवलेले होते, ज्यामुळे पहिली आणि शेवटची चाके वळणाप्रमाणे थोडी सरकत असत. या इंजिनांनी १९८२ पर्यंत सेवा दिली. डिझेल इंजिने १९५० च्या दशकातच येऊ लागली होती आणि आजची गाडी त्यांच्याच बळावर चालते.

नेरळ सोडल्यावर जुम्मापट्टी येते. त्यानंतर वॉटर पाइप, मग अमन लॉज आणि शेवटी माथेरान. वाटेत ‘वन किस’ नावाने ओळखला जाणारा छोटा बोगदा लागतो. मला स्वतःला या मार्गाचा सर्वांत समृद्ध भाग वॉटर पाइपच्या वरचा वाटतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, समोर पेबचा किल्ला आणि कड्यावरच्या गणपतीचे दर्शन, असा तो टप्पा आहे. वळणांमुळे दरीची बाजू सतत बदलत राहते, त्यामुळे डावी खिडकी की उजवी, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. साध्या डब्यातून उघड्या खिडकीचा वारा लागतो. काचेच्या मोठ्या खिडक्या आणि काचेचे छत असलेला व्हिस्टाडोम डबा दृश्यासाठी चांगला असला, तरी हा वारा त्यात नाही. मी साध्या डब्याचीच शिफारस करेन.

सेवेच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. संपूर्ण प्रवासाला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, तर टॅक्सीने दस्तुरी नाका अर्ध्या तासाच्या आसपास गाठता येतो. घाई असणाऱ्यांसाठी ही गाडी नाही. नेरळहून दिवसाला सुटणाऱ्या गाड्या मोजक्याच असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी आसने मागणीपुढे अपुरी पडतात. कामाच्या दिवशी, सकाळी लवकर नेरळला पोहोचणे हाच उपाय आहे. पावसाळ्यात घाटातील वाहतूक बंद असते आणि तेव्हा फक्त शटल चालते. हा पाऊसच या रेल्वेचा सर्वांत मोठा शत्रू ठरला आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्गाची इतकी हानी केली, की तो शताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याच्या घटनांनंतर वाहतूक थांबवण्यात आली आणि पूर्ण मार्ग २०१८ च्या जानेवारीत खुला झाला. २०१९ च्या पावसात रूळ पुन्हा वाहून गेले. त्यानंतर नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. या काळात काँक्रीटचे स्लीपर आणि जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती अशी भक्कम कामे झाली, ती आवश्यकच होती. तरीही केवळ शटल चालू ठेवून घाटाचा भाग वर्षानुवर्षे बंद ठेवण्याची वेळ पुन्हा येऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण घाटाविना उरणारी रेल्वे ही पीरभॉय यांनी बांधलेली रेल्वे नव्हे.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी जाताना गाडीने जावे आणि परतताना अमन लॉजपर्यंत शटल व पुढे टॅक्सी घ्यावी. मुक्काम असेल तर दोन्ही वेळा गाडीच निवडावी. पावसाळा संपून घाटातली गाडी नुकतीच सुरू होते, डोंगर अजून हिरवे असतात आणि हवा स्वच्छ असते, तो काळ या प्रवासासाठी सर्वांत योग्य. निघण्यापूर्वी घाटातील सेवा सुरू झाल्याची खात्री मात्र अवश्य करून घ्यावी.