टीकेइंटर, डब्ल्यूएक्सपायथन की पायसाइड? विंडो कोण मारतंय ते आधी बघा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीला पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशेब) काढायचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं, तेव्हापासून ओळखीतली पोरं विचारतात की पायथनमध्ये विंडो करायच्या तर टीकेइंटर, डब्ल्यूएक्सपायथन आणि पायसाइड या तीन लायब्ररींपैकी काय घ्यायचं. दिसायला कुठलं भारी हे मी शेवटी बघतो. आधी बघतो ऑब्जेक्ट किती वेळ जगतो ते, कारण इथं प्रत्येक विंडो दोन ठिकाणी असते, एक पायथनमध्ये आणि एक खाली टूलकिटमध्ये (विंडो प्रत्यक्ष स्क्रीनवर काढणारा कोड), आणि दोन्ही एकदम जातीलच असं नाही.

टीकेइंटर बहुतेक वेळा पायथनसोबतच येतं. बटण-लेबलांची काळजी नाही, व्हेरिएबल गेला तरी पॅरेंट (ती ज्यात बसतात ती विंडो) त्यांना धरून ठेवतो. फोटोचं मात्र तसं नाही बरं का. गुळाच्या रव्याचा फोटो फंक्शनमध्ये लोड केला, लेबलला लावला, चालवून बघतोय तर नुसती मोकळी जागा, एरर नाही काही नाही, अख्खी दुपार गेली त्यात. फंक्शन संपलं की फोटोइमेजचा शेवटचा रेफरन्स (त्याला धरून ठेवणारं नाव) जातो आणि तो जाताना खालचं चित्रही पुसतो. लेबल.इमेज = फोटो एवढी एक ओळ घातली आणि रवा दिसला.

डब्ल्यूएक्सपायथनमध्ये डायलॉग बंद केला तरी डिस्ट्रॉय म्हणेपर्यंत तो मेमरीत राहतो. तिथं पायथनचं विथ स्टेटमेंट खरंच कामाचं, ब्लॉक संपला की, मध्येच एक्सेप्शन आला तरी, डायलॉग साफ. पण हे शोमोडलपुरतंच, म्हणजे डायलॉग बंद होईपर्यंत कोड तिथंच थांबतो तेव्हाच, साधा शो केला तर ब्लॉक लगेच संपतो आणि विंडो नीट दिसायच्या आधीच जाते.

पायसाइडमध्ये दोन्ही बाजूंनी सांभाळायला लागतं. फंक्शनमध्ये पॅरेंटशिवाय विंडो उघडली आणि सेल्फमध्ये (टिकून राहणाऱ्या ऑब्जेक्टवर) ठेवली नाही तर ती चमकून गायब. उलट पॅरेंट डिलीट झाला की त्याची सगळी चिल्ड्रन जातात, पायथनमधलं नाव तेवढं उरतं, आणि त्याला हात लावला की ऑब्जेक्ट आधीच डिलीट झालाय म्हणून रनटाइमएरर. मागे वेगळं काम करणाऱ्या थ्रेडचं उत्तर उशिरा आलं की हे हमखास होतं. पण टेबल भरताना विथ क्यूसिग्नलब्लॉकर लावला की प्रत्येक सेलला सिग्नल (बदल झाल्याची सूचना) उडत नाही आणि ब्लॉकबाहेर पडताच सगळं पूर्ववत, हे मला फार आवडतं.

एक-दोन विंडोंचं काम असेल तर टीकेइंटर घ्या, सारखे डायलॉग उघडायचे असतील तर डब्ल्यूएक्स. अडतीचं पुढचं व्हर्जन मी पायसाइडमध्ये करतोय, तिथं पट्टीचं टेबल सकाळपासून रात्रीपर्यंत उघडंच असतं.