हजार वर्षांचे राज्य: आधी, नंतर की आत्ताच?

बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायात, 2 ते 7 या सहा वचनांत, ‘हजार वर्षे’ हे शब्द सहा वेळा येतात. या राज्याची अशी मुदत बायबलमध्ये दुसरीकडे कुठेही सांगितलेली नाही. ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय होईल, यावर सगळ्या मुख्य मंडळ्यांचे (चर्चचे) एकमत आहे. 381 सालच्या मतांगीकारातही (श्रद्धेच्या अधिकृत निवेदनातही) तेच आहे. भांडण आहे ते क्रमाचे. हा क्रम चार प्रकारे लावला जातो. नावांतला ‘प्री’ म्हणजे पुनरागमन हजार वर्षांच्या आधी, ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘अ’ म्हणजे वेगळे हजार वर्षांचे राज्य नाही.

ऐतिहासिक प्रीमिलेनियल: महासंकट, मग पुनरागमन व विश्वासणाऱ्यांचे पुनरुत्थान, मग पृथ्वीवर हजार वर्षे, सैतानाचे शेवटचे बंड, उरलेल्यांचे पुनरुत्थान व न्याय.

डिस्पेन्सेशनल प्रीमिलेनियल: आधी मंडळी वर घेतली जाते, मग 7 वर्षांचे संकट, मग उघड पुनरागमन, पुढचा क्रम वरच्यासारखाच, पण त्या राज्यात इस्राएल राष्ट्राला वेगळे स्थान.

पोस्टमिलेनियल: सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू बदलते, दीर्घ सुकाळ येतो, त्यानंतर पुनरागमन आणि सर्वांचा न्याय.

अमिलेनियल: हजार वर्षे म्हणजे पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सध्याचाच काळ; शेवटी पुनरागमन, पुनरुत्थान आणि न्याय एकदमच.

नाव आधी ठरवून मग वचने गोळा करायला बसलात तर कोणतीही बाजू पटेल, कारण वचने सगळ्यांकडे आहेत. त्यापेक्षा पुढचे तीन प्रश्न सोडवा. नाव आपोआप ठरते.

पहिला प्रश्न: 20वा अध्याय 19व्याच्या नंतरचा, की तीच गोष्ट पुन्हा सांगितलेली?

सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे. 19व्या अध्यायाच्या शेवटी श्वापद आणि खोटा संदेष्टा (सैतानाचे दोन साथीदार) अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. 20:10 मध्ये सैतानाला टाकतात ते ‘जेथे श्वापद व खोटा संदेष्टा आहेत’ तिथे. म्हणजे ते दोघे आधीच तिथे होते, घटना एकामागून एक आहेत, असे प्रीमिलेनियल वाचक म्हणतात. आधार भक्कम आहे.

पण 19:18 आणि 21 नुसार श्वापदाच्या बाजूने लढलेले लहानथोर सगळे मारले जातात. मग 20:3 मध्ये सैतानाने ज्यांना फसवू नये म्हणून त्याला बांधले, ती राष्ट्रे आली कुठून? शिवाय 19:17 मधले पक्ष्यांचे जेवण आणि 20:8 मधले गोग-मागोग ही दोन्ही चित्रे यहेज्केल 38-39 मधल्या एकाच लढाईतून घेतलेली आहेत. अमिलेनियल बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा हाच. बाकीचे मुद्दे याच्यापुढे फिके आहेत. प्रीमिलेनियल उत्तर असे, की मेले ते सैनिक, घरी राहिलेले लोक नव्हेत. उत्तर शक्य आहे, पण मजकुरात तसे लिहिलेले नाही.

दुसरा प्रश्न: ‘पहिले पुनरुत्थान’ शरीराचे की आत्म्याचे?

इथे पारडे उलट्या बाजूला झुकते. 20:4 मध्ये साक्षीमुळे शिरच्छेद झालेले ‘जिवंत झाले’ आणि 20:5 मध्ये बाकीचे मेलेले हजार वर्षे संपेपर्यंत ‘जिवंत झाले नाहीत’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एझेसान हेच क्रियापद आहे. दुसरे उठणे शारीरिक असेल तर पहिले आत्मिक का मानायचे? पाचव्या शतकात ऑगस्टीनने पहिल्याचा अर्थ नवा जन्म असा लावला. पुढे अनेकांनी विश्वासणाऱ्याचा मृत्यूनंतर ख्रिस्तासोबतचा वास असा लावला. दोन्ही अर्थांत एकाच शब्दाला दोन वचनांत दोन अर्थ द्यावे लागतात. अमिलेनियल मताला मोजावी लागणारी ही खरी किंमत आहे.

सैतान ‘बांधलेला’ असण्याबाबत मात्र त्यांना मत्तय 12:29 मध्ये आधार सापडतो: बलवान माणसाला आधी बांधल्याशिवाय त्याचे घर लुटता येत नाही. क्रियापदही तेच. समोरचे लगेच 1 पेत्र 5:8 पुढे करतात, जिथे सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा मोकळा फिरतो. 20:3 मध्ये बांधण्याचा हेतू ‘राष्ट्रांना फसवू नये’ एवढाच दिलेला आहे, हे दोघांनीही विसरू नये.

योहान 5:28-29 मात्र प्रीमिलेनियल क्रमाला जड जाते. कबरेतले सगळे, चांगले आणि वाईट, एकाच वेळी बाहेर येतात असे ते वाचल्यावर वाटते. मध्ये हजार वर्षे बसवायला जागा करून घ्यावी लागते. 5:25 मधली ‘वेळ’ही लांबलेली आहे, हे त्यांचे उत्तर.

तिसरा प्रश्न: इस्राएल आणि मंडळी एक की दोन?

डिस्पेन्सेशनल मत इथेच वेगळे होते. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बीने त्याची मांडणी केली आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलमुळे ते दूरवर पसरले. 7 वर्षे येतात दानीएल 9:27 मधल्या सत्तराव्या सप्तकातून (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट). 69 सप्तके म्हणजे 483 वर्षे. त्यांच्यानंतर आणि सत्तराव्याच्या आधी अख्खा मंडळीचा काळ बसवला जातो. दानीएलाच्या मजकुरात अशी मोकळी जागा सोडलेली दिसत नाही, ती इस्राएल व मंडळी वेगळे मानल्यावर लागते. यहेज्केल 40-48 मधले मंदिरही अक्षरशः घेतले तर 45:15 मधले प्रायश्चित्ताचे यज्ञ परत येतात, आणि इब्री 10:18 शी गाठ पडते, जिथे पापासाठी आता अर्पण उरलेले नाही असे म्हटले आहे. ते यज्ञ केवळ स्मरणार्थ, हे उत्तर 45:15 च्या शब्दांत नीट बसत नाही.

मंडळी आधी घेतली जाण्याचा मुख्य आधार 1 थेस्सलनीका 4:16-17. तिथे आज्ञेचा ध्वनी आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, कर्णा आहे. गुपचूप काहीच नाही. ‘सामोरे जाणे’ याचा शब्द अपान्तेसिस मत्तय 25:6 आणि प्रेषितांची कृत्ये 28:15 मध्येही येतो. तिथे बाहेर गेलेले लोक येणाऱ्याला घेऊन परत येतात, त्याच्याबरोबर निघून जात नाहीत. प्रकटीकरण 3:10 मधले ‘परीक्षेपासून राखीन’ योहान 17:15 शेजारी ठेवून वाचा: तेच क्रियापद आणि शब्दयोगी, आणि तिथे जगातून काढून घेणे स्पष्टपणे नाकारलेले आहे. चारही मतांतली सर्वांत अशक्त कडी आमच्या मते हीच, आणि नेमकी तीच सर्वांत लोकप्रिय.

पोस्टमिलेनियल मताबद्दल थोडक्यात. लहानशा सुरुवातीतून वाढत जाणाऱ्या राज्याचे दाखले, मोहरीचा दाणा आणि खमीर (मत्तय 13:31-33), हा त्याचा गाभा. अठराव्या शतकात जोनाथन एडवर्ड्सने ते मांडले. 1914-18 च्या महायुद्धानंतर ते ओसरले. पण युद्धाने वचनाचा अर्थ बदलत नाही. खरी अडचण लूक 18:8 आणि 2 तीमथ्य 3 ची आहे, जिथे शेवट सुकाळाचा दिसत नाही.

न्यायाचे काय? शेवटचे दोन क्रम घेतलेत तर मत्तय 25 मधली मेंढरे-शेरडे आणि प्रकटीकरण 20:11 चे पांढरे राजासन हा एकच न्याय. डिस्पेन्सेशनल क्रमात त्याचे भाग पडतात: विश्वासणाऱ्यांसाठी ख्रिस्ताचे न्यायासन (2 करिंथ 5:10), राज्याच्या आरंभी राष्ट्रांचा न्याय, शेवटी पांढरे राजासन. सर्व मतांत कृत्ये मोजली जातात. दुष्टांची शिक्षा संपते की नाही, हा प्रश्न वेगळा. तो हजार वर्षांच्या मतावरून ठरत नाही. मत्तय 25:46 मध्ये शिक्षा आणि जीवन दोहोंना ऐओनिओस (‘सार्वकालिक’) हाच शब्द आहे, तो मुद्दा तिथून सुरू करावा.

एक चूक मात्र प्रत्येक मतातले लोक करतात, ती म्हणजे तारखा काढणे. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी पुनरागमनाची तारीख 22 ऑक्टोबर 1844 ठरवली, तो दिवस गेला. श्वापदाचा आकडा 666 (प्रकटीकरण 13:18), त्याचेही तसेच: काही प्राचीन हस्तलिखितांत 616 आहे, आणि हिब्रू अक्षरांत ‘नेरो कैसर’ लिहिले तर वर्तनीनुसार दोन्ही आकडे निघतात. आजच्या नेत्यांची नावे बसवणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

मंडळीत शिकवणार असाल तर तिथला मतांगीकार आधी मागून घ्या. कॅथलिक शिकवणीच्या कलम 676 मध्ये हजार वर्षांचे ऐहिक राज्य नाकारलेले आहे. लूथरन मंडळ्यांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग मतांगीकारातले 17वे कलम पुनरुत्थानाआधी भक्तांचे राज्य येईल ही शिकवण नाकारते. पुनरागमनानंतरच्या राज्याला ते लागू होते का, यावर वाद आहे. असेंब्लीज ऑफ गॉडच्या 1916 च्या निवेदनात ते राज्य शिकवणुकीचाच भाग आहे. मतांगीकारावर सही करण्यापूर्वी नेमके तेच कलम वाचून घ्या.