इतिहासाचं ऑडिओबुक: कुणाच्या आवाजात ऐकावं?

एकाच पुस्तकाची दोन-तीन ध्वनिमुद्रणं समोर आली की आपण काय करतो? नमुना ऐकतो आणि कानाला गोड लागेल ते घेतो. कादंबरीला हे चालून जातं. इतिहासाच्या पुस्तकात मात्र एकेका पानावर तीन-चार जण बोलत असतात: लेखक, त्याने उद्धृत केलेलं एखादं पत्र, त्या पत्राबद्दल दुसऱ्याच इतिहासकाराचं मत, शिवाय खाली तळटीप. छापील पानावर अवतरणचिन्हं आणि बारीक टाइप हे सगळं सांभाळून घेतात. कानाला त्यातलं काहीच दिसत नाही. आत्ता कोण बोलतंय, हे निवेदकालाच आवाजातून दाखवावं लागतं. ते ज्याला जमतं त्याचा आवाज थोडा घोगरा असला तरी माझी तक्रार नसते.

खरी निवड बहुतेक वेळा दोघांत असते: व्यावसायिक निवेदक की स्वतः लेखक.

लेखकाची बाजू आधी. समजा वाक्य आहे, ‘राजाने बहुधा त्याच रात्री हुकूम दिला.’ हे लिहिताना लेखकाने ‘बहुधा’पाशी आठवडाभर घालवलेला असतो. कागद सापडलेला नाही, अंदाज आहे, पण अंदाजाला आधार आहे. तो स्वतः वाचतो तेव्हा ‘बहुधा’वर क्षणभर रेंगाळतो. निवेदकाला त्या वाक्यातलं नाट्य दिसतं, म्हणून तो जोर देतो ‘त्याच रात्री’वर. शब्द तेच असतात, पण पहिल्या वाचनात शंका ऐकू येते आणि दुसऱ्यात घटना. असल्या शंभर ‘बहुधां’वरून कुणी सराईतपणे घसरत गेलं, की पुस्तक संपेपर्यंत आपल्याला सगळंच सिद्ध झाल्यासारखं वाटू लागतं.

मग लेखकालाच का घेऊ नये? कारण पंधरा-वीस तास वाचणं ही अंगमेहनत आहे. मी ऐकलेल्या एका लेखकाने पहिली दोन प्रकरणं झकास वाचली होती. चौथ्यापासून वाक्याची शेपटं गिळायला सुरुवात झाली आणि सातव्यात तर क्रियापदं माझी मीच भरत होते. स्वतःचा मजकूर इतका पाठ असतो की ऐकणारा तो पहिल्यांदाच ऐकतोय, याचं भान सुटतं. दोन्ही कसब एकाच माणसात सापडणं दुर्मीळ. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड मॅककलो हे त्यातले. केन बर्न्स यांच्या १९९०च्या यादवी युद्धावरच्या माहितीपटमालिकेचं निवेदन त्यांचंच, आणि १७७६ या सालावरचं स्वतःचं पुस्तकही त्यांनीच वाचलंय. पण त्यांच्यावरून बाकीच्यांकडून तशी अपेक्षा करू नये.

माझा कौल असा: पुस्तक आठ-दहा तासांचं असेल आणि लेखक काही नवा मुद्दा हिरिरीने मांडत असेल, तर त्याच्याच तोंडून ऐका. घटनाक्रमाने चालणारं लांबलचक पुस्तक असेल, तर निवेदक घ्या. फक्त अभिनय न आवरणारा नको. १९१४च्या जुलैअखेरीस जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस यांच्यात तारा गेल्या. त्या त्यांनी इंग्रजीतच लिहिल्या होत्या, खाली सह्या ‘विली’ आणि ‘निकी’. त्या वाचताना निवेदकाने कैसरला खर्जातलं जर्मन वळण दिलं, की युद्धाच्या उंबरठ्यावर चुलतमामेभावांच्या जिव्हाळ्याने लिहिलेला तो मजकूर सिनेमातल्या खलनायकाचा होऊन बसतो. आवाज अर्धा सूर खाली आणला, आधी एक श्वास थांबला, बस झालं. एवढ्यावरून अवतरण सुरू झाल्याचं कळतं.

आणि इथेच एक सूचना. बऱ्याच ॲपमध्ये मधली शांतता आपोआप गाळायची सोय असते. ती बंद ठेवा. निवेदकाने अवतरणचिन्हाच्या जागी घेतलेला विराम नेमका तिथे कापला जातो आणि चांगलं वाचनही सपाट होतं. वेग सव्वापट केला तर एकवेळ निभतं.

आता अनेक आवाजांतली, पार्श्वसंगीत असलेली नाट्यरूप आवृत्ती. मुलांसोबत ऐकायला छान, लांबच्या प्रवासात तर फारच छान. पण थुसिडिडीसचं उदाहरण घ्या. पेलोपोनेशियन युद्धाचा (इ.स.पू. ४३१ ते ४०४) हा इतिहासकार सुरुवातीलाच कबूल करतो की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रत्यक्ष बोलल्याच्या आशयाला शक्य तितकं धरून, त्या प्रसंगी त्या माणसाने जे बोलायला हवं होतं ते त्याने लिहिलं. म्हणजे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याचं अंत्यविधीच्या वेळचं प्रसिद्ध भाषण हे थुसिडिडीसच्या लेखणीतून आलेलं आहे. एकाच आवाजातल्या वाचनात हे आपोआप लक्षात राहतं, कारण पेरिक्लीसच्या मागे इतिहासकाराचाच सूर ऐकू येत असतो. वेगळा नट, घुमणारा आवाज, मागे गर्दीचा हुंकार असं सजवलं की तीच रचना ध्वनिमुद्रित पुरावा वाटायला लागते. त्या कबुलीच्या दोन ओळी नाट्यरूपात गाळलेल्या असल्या तर मग संपलंच. म्हणून अशी आवृत्ती घ्यायची तर ती संक्षिप्त आहे का, एवढं आधी बघा.

फुकटात हवं असेल तर लिब्रिव्हॉक्स. २००५पासून तिथे स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचतात. वाचन कधी अप्रतिम असतं, तर कधी मागे कुत्रं भुंकत असतं. मोठ्या ग्रंथाची प्रकरणं अनेकदा वाटून घेतलेली असतात, त्यामुळे दर तासाला नवा आवाज आणि त्याच सेनापतीचा नवा उच्चार. मी त्याला सरावले. मला खटकते ती वेगळीच गोष्ट: मजकूर जुना असतो. हक्क संपलेलं भाषांतर म्हणजे बहुधा शंभर वर्षांपूर्वीचं, आणि मधल्या काळात उत्खननांनी काय उलटंपालटं केलं याचा त्यात पत्ता नसतो. मूळ साधन म्हणून ऐकायला उत्तम, ताजा इतिहास समजून ऐकायला नाही.

इंग्रज इतिहासकार गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा ग्रंथ (सहा खंड, १७७६ ते १७८८) तिथे फुकट आहे; डेव्हिड टिमसन यांनी एकट्याने वाचलेली विकतची आवृत्तीही आहे, सव्वाशे तासांच्या घरातली. मी आधी फुकटची सुरू केली, तिसऱ्या आवाजापाशी अडखळले आणि एका आवाजाकडे वळले. गिबनची वाक्यं लांब पल्ल्याची, आणि टोमणा शेवटच्या चार शब्दांत. तो येतोय हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावं लागतं. अनोळखी प्रकरण हातात आलेल्याकडून ती तयारी कशी व्हावी?

यंत्राच्या आवाजाबद्दल फार लिहीत नाही. इंग्रजीत आता तो बऱ्यापैकी माणसाळलाय. मराठीत मी एकदा फोनकडून एक ई-पुस्तक वाचून घेतलं. ‘१४वा लुई’चं ‘चौदा वा लुई’ झालं, जणू दोघांपैकी एक निवडायचाय. ‘इ.स.’चं ‘इस’, १९१४चं ‘एक हजार नऊशे चौदा’. सिकंदराने ‘जमीन जिंकली’ यातले दोन्ही ज एकाच छापाचे निघाले आणि सीझरमधला झ झाडूतला की झेंड्यातला, हे शेवटपर्यंत ठरेना. दुसरं काहीच उपलब्ध नसेल, किंवा डोळ्यांना वाचन झेपत नसेल, तर हा आवाज मोठा आधार आहे. पण माणसाने वाचलेली आवृत्ती असताना पैसे मोजून तो घेऊ नका. निवेदकाच्या नावाच्या जागी काय लिहिलंय ते आधी पाहा.

राहिला नमुना. तो सहसा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो, आणि सुरुवात सगळेच चांगली वाचतात. पहिल्या महायुद्धावरचं एक गाजलेलं पुस्तक एडवर्ड सातव्याच्या मे १९१०मधल्या अंत्ययात्रेने उघडतं, नऊ राजे घोड्यावर. तिथे कुणाचाही आवाज शोभतो. परीक्षा पुढे असते, कुठली सेना कुठल्या नदीकाठी सरकली ते सांगणाऱ्या रुक्ष पानांत. परत करायची किंवा ग्रंथालयातून उसनं घ्यायची सोय असेल तर थेट मधल्या एखाद्या प्रकरणावर जा आणि दहा मिनिटं ऐका. एखादं पत्र येऊ द्या, दोन-चार तारखा आणि एक अवघड आडनाव येऊ द्या. पत्र कुठे संपलं ते मागे न जाता कळलं, तर घेऊन टाका. नकाशे मात्र कुठल्याच आवाजात ऐकू येत नाहीत. युद्धाचं पुस्तक असेल तर सोबत पीडीएफ मिळते का, तेही बघून ठेवा.