मोबाइलवर फोटो की फोटोग्राफर?

विक्रीच्या वस्तूंचे फोटो स्वतः मोबाइलवर काढावेत की फोटोग्राफरकडून? रोज नवा माल येत असेल तर मोबाइलच बरा. वस्तू खिडकीशेजारी ठेवा, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा आणि खोलीतले दिवे बंद करा. दोन प्रकारचा उजेड मिसळला की रंग बिघडलेच. मोबाइलची मुख्य लेन्स फुल-फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण 24 ते 26 मिमीची, म्हणजे वाइड, रुंद दृश्य टिपणारी. फार जवळून काढलं तर बाटलीचं पोट फुगल्यासारखं दिसतं. मागे सरकून 2एक्स झूमवर काढा, फरक लगेच कळेल.

दागिने, काच, चकचकीत स्टील मात्र फोटोग्राफरकडेच द्या. तिथे सगळी मारामारी प्रतिबिंबांशी असते, आणि सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) नेमका कुठे लावायचा हे जाणणारा माणूसच ती निभावतो. फोटो कुठे-कुठे वापरता येतील, हे आधी लेखी घ्या.