वायफायवाले की तारेचे? कोकणातल्या लहान घरासाठी बुकशेल्फ स्पीकर निवडताना

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर ठेवायला जागा नाही, फोनवरून गाणी लावता आली पाहिजेत आणि आवाज मात्र डबा-स्पीकरचा नको, एवढं ठरलं की बाजारात दोन जातींच्या जोड्या समोर येतात. पहिल्या जातीत दोन्ही पेट्या स्वतंत्र असतात. प्रत्येकीत आपापला अ‍ॅम्प, प्रत्येकीला आपापला प्लग, आणि दोघींचं आपसातलं बोलणं हवेतून. केईएफची एलएसएक्स २ ही त्यातली नावाजलेली. दुसऱ्या जातीत सगळी यंत्रणा एका पेटीत, दुसरी पेटी तारेनं तिला बांधलेली, आणि फोन ब्लूटूथवर. एडिफायरची आर-१२८०डीबी ही या जातीची ओळखीची जोडी. माझ्या घरात होत्या त्या या दोन्हींपैकी नव्हेत, पण जाती याच. वायफायवाली थोरल्या भावाची, ठाण्याहून आलेली. तारेची मी कोल्हापुरातून घेतली. एक पावसाळा दोन्ही जोड्या देवगड तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरात एकत्र नांदल्या. आता एकच आहे.

किमतीतला फरक मोठा आहे, तो तुम्हाला ठाऊक असेलच. तो मी बाजूला ठेवतो, कारण वायफायवाली मला फुकटच मिळत होती.

आवाजात ती उजवी, हे आधीच कबूल करतो. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा तारेच्या जोडीत नुसता 'धप्प' होतो. वायफायवालीत त्याला गोलाई येते. गाणाऱ्याचा श्वास, हार्मोनियमच्या भात्याची धाप, झांजेचा लांबत जाणारा शेवट, हे सगळं तिच्यात सुटं सुटं ऐकू येतं. याला कारणं आहेत. तिच्यात ट्वीटरला (बारीक सुरांचा भोंगा) वेगळा आणि वूफरला (खर्जाचा भोंगा) वेगळा अ‍ॅम्प आहे, आणि वायफायवरून गाणं आकसवून लहान न करता येतं. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा. ब्लूटूथची आवाज आकसवण्याची साधी एसबीसी पद्धत त्याला सव्वातीनशेच्या आसपास आणून ठेवते. एलडॅक हे ब्लूटूथचंच दुसरं तंत्र ९९० पर्यंत जातं, पण ते फोन आणि स्पीकर दोघांनाही यावं लागतं, आणि आयफोनला ते येत नाही.

हे सगळं खरं असलं तरी मी ते जानेवारीत ऐकलं. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना, आणि पडवीला पत्रा असेल तर विचारूच नका, झांजेचा शेवट कुठे लांबतो हे कुणाला कळणार? आमच्याकडे वर्षातले चार महिने छप्पर स्वतःच एवढं वाजत असतं की दोन्ही जोड्या माझ्या कानाला जवळजवळ सारख्याच. माझे कान काही सोन्याचे नाहीत, तुमचे असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

जागेचं थोडक्यात. लहान खोलीत पेटी भिंतीला चिकटूनच बसते, आणि पोर्टचं (खर्जाची हवा बाहेर सोडणारं) भोक मागच्या बाजूला असेल तर खर्ज फुगतो. जुन्या घरातल्या कोनाड्यात ठेवलीत तर फारच. वितभर पुढे ओढा, नाहीतर भोकात फोमचा बोळा घाला. समोर भोक असलेली जोडी मिळाली तर उत्तम. भोक कुठेही असो, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवा. कुंभारीण माशीला असलं तयार बीळ फार आवडतं. दोन आठवडे स्पीकर वाजला नाही तर आत मातीची घरटी सापडतात. शिवाय पेटी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) असेल तर जमिनीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीजवळ ठेवू नका. कडेला ओल शिरली की ती फुगते आणि मग सरळ होत नाही.

चिऱ्याच्या भिंतींचं मात्र सांगायला हवं. राउटर ओटीवर आणि स्पीकर माजघरात, मध्ये जांभ्या दगडाची जाडजूड भिंत. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय तिथे येईपर्यंत गळपटतो, २.४ गिगाहर्ट्झचा पोचतो. वायफायवाली जोडी घेणार असाल तर फोन हातात घेऊन स्पीकरच्या जागी उभे राहा आणि २.४ वर किती दांड्या दिसतात ते आधी बघा. सिमेंटच्या नव्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझा निकाल लावला ती. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते. फांदी पडते, कुठेतरी खांबावरची जोडतार (जंपर) जळते, तास-दोन तास अंधार. त्याचं काही वाटत नाही. वाईट असते ती पापणी लवल्यासारखी गेली-आली होणारी लाइट. पंखा पुरता थांबतही नाही, पण वायफायवाल्या जोडीसाठी तेवढं पुरतं. तिला मागे खटका नाही. वीज परत आली की ती थेट स्टँडबायला जाते आणि एक बारीक दिवा लावून गप्प बसते. उठवायला रिमोट हवा किंवा अ‍ॅप. उठवली तरी तोवर राउटर जागा झालेला नसतो, त्याला नेट धरायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्पीकर मात्र त्याच्याआधी तयार होऊन नेटवर्क शोधतो, ते सापडत नाही, आणि तो हात टेकतो. मग अ‍ॅपमध्ये डावी पेटी दिसते आणि उजवी दिसत नाही. उजवीचा प्लग कपाटाच्या मागे. तो काढायचा, दहा आकडे मोजायचे, परत घालायचा. एवढं करून गाणं सुरू होतं आणि पुन्हा पापणी लवते.

मी घरात असलो तर हे पाच मिनिटांचं काम, मला त्यात थोडी मजाही येते. पण सकाळी मी कामावर, अ‍ॅप माझ्या फोनात, आणि घरी आई. तिला उजाडताना अभंग लागतात आणि पुढे स्वयंपाक होईपर्यंत आकाशवाणी. संध्याकाळी चपला काढतानाच ऐकायला मिळायचं, "लाइट इली रे, पण तुझो खोको काय उठूक नाय." तिच्या फोनात अ‍ॅप घालून दिलं. 'डिव्हाइस ऑफलाइन' असं इंग्रजीत आलं की ती फोन उलटा ठेवून देते. माझ्या मते तिचं बरोबर आहे.

उपाय नव्हते असं नाही. राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावला, त्यानं अर्धं दुखणं गेलं. नेट टिकू लागलं, पण स्पीकर झोपायचा तो झोपायचाच. इन्व्हर्टरचं म्हणाल तर आमच्याकडे त्यावर फक्त दिवे-पंख्यांचे पॉइंट आहेत. प्लग पॉइंट त्यावर घ्यायचा तर वायरमन बोलवा, आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाल्या स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरीचा) असेल आणि बैठकीच्या खोलीतला प्लग त्यावर असेल, तर माझी ही सगळी रडकथा तुम्हाला लागू नाही, हे मनापासून सांगतो.

तारेच्या जोडीला मागे खटका आहे. तो कायम चालू. बाजूला आवाजाचा फिरवायचा नॉब, तो जिथे सोडला तिथेच असतो. वीज आली की जोडी आधीच्याच इनपुटवर उठते. आईचा छोटा रेडिओ एका तारेनं ऑक्सला (तारेच्या इनपुटला) जोडून ठेवलाय. लाइट गेली की ती तार उपटते आणि रेडिओ सेलवर स्वतःच्या आवाजात बोलू लागतो; लाइट आली की तार परत खोचते. ही पद्धत तिची तिनेच शोधली. मला कुणी विचारलं नाही.

म्हणून तारेची जोडी निर्दोष आहे असं मुळीच नाही. ब्लूटूथवर गाणं रंगात आलं की फोन वाजतो आणि आलापीच्या मध्ये कुणाच्या तरी 'गुड मॉर्निंग'ची टिंग घुमते. वायफायवालीत गाणं नेटवरून थेट स्पीकरकडे येऊ शकतं, फोनची त्यात लुडबूड नसते. गणपतीत मुंबईची मंडळी आली की भाच्यांपैकी ज्याचा फोन आधी चिकटेल त्याचं राज्य, बाकीचे भांडतात. खारी हवा आणखी वेगळी. पेट्यांमधल्या तारेची टोकं पावसाळा संपेपर्यंत हिरवट पडतात आणि एक बाजू खरखरू लागते. दसऱ्याच्या सुमारास मी टोकं अर्धा इंच कापतो, तार नव्याने सोलतो, क्लिपमध्ये परत बसवतो. तार दारावरून न्यायची असेल तर सोबत आलेली पुरत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन-कोर तार मीटरवर मिळते आणि बिनतक्रार चालते, पण पेटीला साधी क्लिप असेल तरच. काही जोड्यांना कंपनीची खास पिनवाली तार असते. ती उंदरानं कुरतडली तर कुठे शोधणार?

व्होल्टेजमध्ये तर वायफायवाली सरळ सरस ठरली. तिच्यात एसएमपीएस, म्हणजे व्होल्टेजची चढउतार सांभाळून घेणारा वीजपुरवठा आहे, १०० ते २४० व्होल्ट काहीही चालतं. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप सुरू झाले आणि बल्ब पिवळे पडले तरी ती तशीच गात राहते. माझ्या तारेच्या जोडीत जुन्या धाटणीचा जड ट्रान्सफॉर्मर आहे. व्होल्टेज पडलं की मोठ्या आवाजाला तिचा दम लागतो. पण हाच ट्रान्सफॉर्मर तालुक्याच्या गावातला रेडिओ-टीव्हीवाला उघडून बघू शकतो. वायफायच्या बोर्डाला तो हात लावत नाही. मग खोकं बांधा, कुरिअरनं मुंबई-पुण्याला धाडा आणि वाट बघत बसा.

विजांचंही लक्षात घ्या. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की आपल्याकडे प्लग उपटायची रीत आहे, आणि ती चांगली आहे. तारेच्या जोडीचा एकच उपटावा लागतो. वायफायवालीचे दोन, दोन कोपऱ्यांत.

तर कुणी काय घ्यावं? तुम्ही एकटे ऐकणारे असाल, रात्री दारं लावून शास्त्रीय ऐकत असाल, घर रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटमध्ये असेल आणि इमारतीला जनरेटर असेल, तर वायफायवाली घ्या, पैसे सार्थकी लागतील. भावाची जोडी ठाण्याला परत गेल्यापासून एकदाही रुसली नाही, तो तिच्यावर खूश आहे. दोन प्लगांची कटकट नको पण वायफाय हवाच असेल तर मधली वाटही आहे. केईएफच्याच एलएसएक्स २ एलटीमध्ये वायफाय ठेवून दोन पेट्यांमध्ये तार परत आणली आहे, आणि त्या तारेतूनच दुसऱ्या पेटीला वीज जाते. ती मी वापरलेली नाही, पण कल्पना मला पटते.

गावचं घर असेल, घरात फोनशी फारसं न जमणारं माणूस असेल आणि लाइटचा भरवसा नसेल, तर मी तारेचीच घेईन. दोन्ही परवडत असत्या तरी. फक्त सगळ्या तारेच्या जोड्या माझ्यासारख्या वागतील असं धरून चालू नका. आता पुष्कळांना खरा खटका नसतो, नुसतं दाबायचं बटण असतं, आणि अशी जोडीही लाइट आल्यावर झोपूनच राहू शकते. काही जोड्या पंधरा-वीस मिनिटं सिग्नल मिळाला नाही की आपणहून निजतात, रेडिओ अगदी हळू ठेवलात तर चालू असतानाही. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. दुकानात गाणं चालू करायला सांगा आणि भिंतीवरचं बटण बंद करून लगेच परत चालू करा. आपोआप गाऊ लागली, किंवा निदान त्याच इनपुटवर जागी राहिली, तर घ्या. आणि हे जमलं तर दोनदा करून बघा, दुसऱ्यांदा सेकंदभराच्या आत. कोल्हापुरात मी केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, असं कुणी करत नाही हो." मी म्हटलं, "आमच्याकडे रोज होतं."