क्वेकर सेवावर्ष: लेकीचे अकरा महिने, माझा हिशेब

पदवी हातात पडली त्याच आठवड्यात लेक म्हणाली, "आई, मी वर्षभर फिलाडेल्फियात सेवा करणार." मी पडले अकाउंटंट. पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा धर्माचा. पगार नाही, हातखर्चापुरते डॉलर. धर्माची अट नाही, क्वेकर हा ख्रिस्ती पंथ, पण त्यातले नसलेलेही चालतात. दुसऱ्या उत्तराने जीव भांड्यात पडला, पहिल्याने नाही. ज्यांच्या घरी सध्या हाच वाद चालू असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते.

लेक जिथे गेली ती क्वेकर व्हॉलंटरी सर्व्हिस २०१२ साली अटलांटात सुरू झाली. विशीतली मुलं एका घरात एकत्र राहतात आणि शहरातल्या वेगवेगळ्या संस्थांमध्ये पूर्णवेळ काम करतात. राहणं, किराणा, आरोग्य विमा भागतो, शिल्लक मात्र काही पडत नाही. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर हप्त्यांचं आधी बघा.

कामाचं म्हणाल तर ते नशिबावर. भाडेकरूंना कायदेशीर मदत करणाऱ्या एका छोट्या कार्यालयात हिची नेमणूक झाली. काम शिकवणाऱ्या बाई तिसऱ्याच महिन्यात सोडून गेल्या. पुढे कितीतरी दिवस ही फोन घेत आणि एक्सेलचे तक्ते भरत बसली. बायोडेटासाठी म्हणून कुणी जाणार असेल तर पैसे मिळणारी इंटर्नशिप बरी.

खरी किंमत वसूल झाली ती घरात. सहा जणं, एक स्वयंपाकघर आणि मतदान बंद. क्वेकरांच्या सभेत हात वर करून निर्णय होत नाही. सगळ्यांना काय पटतंय याचा अंदाज येईपर्यंत थांबतात, मध्येच गप्प बसतात. भांडी कुणी कधी घासायची, यावर तीन रविवार गेले! तेवढ्यात मी घासून, पुसून, फडताळात लावली असती. पण अडून बसलेला मुलगा बेघरांच्या निवाऱ्यातून रात्री अकराला परतत होता आणि हे तिसऱ्या रविवारी कळलं. मतदान झालं असतं तर पाच विरुद्ध एक, विषय संपला.

एका रविवारी मीही फिलाडेल्फियातल्या आर्च स्ट्रीटच्या क्वेकर सभागृहात जाऊन बसले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची विटांची इमारत, आत साधे लाकडी बाक. पुरोहित नाही, मूर्ती नाही, भजन नाही. तासभर शांतता. दोघं उठून चार वाक्यं बोलले, बस्स. पहिली वीस मिनिटं मी मनात वाणसामानाची यादी केली, हे कबूल करते. नंतर चहाच्या वेळी एका आजोबांनी सांगितलं, की पहिल्या महायुद्धात शस्त्र न धरणाऱ्या तरुणांना सेवेचं काम मिळावं म्हणून १९१७ मध्ये अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी ही क्वेकरांची संस्था निघाली. ब्रिटिश क्वेकरांसोबत तिला १९४७ चं शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे हे सेवेचं खूळ कालपरवाचं नाही.

पुढे काय करायचं हे ठरत नव्हतं तेव्हा लेकीने 'क्लिअरनेस कमिटी' बोलावली. चार-पाच जण बसतात, फक्त प्रश्न विचारतात, सल्ला द्यायचा नाही. मी फोनवरून हजर. माझा प्रश्न होता, "तू एमबीए का करत नाहीस?" हा प्रश्न नव्हे, असं मला फार प्रेमाने सांगण्यात आलं.

परवा थँक्सगिव्हिंगला कुणाकडे जायचं यावर मी घरात हात वर करायला सांगितले. लेक म्हणाली, "थांब, बाबा अजून काही बोललेच नाहीत." बाबांना बोलायला चाळीस मिनिटं लागली. त्यांना कुठेच जायचं नव्हतं.