किनाऱ्याची सफर आणि पांढऱ्या पाटीची दुचाकी

गोव्यातल्या थिवी स्थानकावर उतरून भाड्याची दुचाकी घ्यायची, केरीहून फेरीबोटीने तेरेखोलची खाडी ओलांडायची आणि रेडी, शिरोडा, वेंगुर्ले असा किनारा धरून मालवण गाठायचे, असा आम्हा दोघा मित्रांचा तीन दिवसांचा बेत होता. मुक्कामाची आणि रस्त्याची आखणी आम्ही महिनाभर केली. दुचाकी मात्र एका जाहिरातीवरून फोनवरच ठरवली आणि तिथेच फसलो.

दिवसाला ८०० रुपये भाडे आणि ५,००० रुपये अनामत असे ठरले होते. पाठवलेल्या छायाचित्रातली गाडी क्रमांकाच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, म्हणजे भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली होती. पहाटे स्थानकाबाहेर एक मुलगा घेऊन आला ती मात्र पांढऱ्या पाटीची, खासगी. "ती सर्व्हिसिंगला गेली आहे, ही माझ्या भावाची, कुणी विचारलंच तर मित्राची म्हणून सांगा," असे तो म्हणाला. हे ऐकताच मागे फिरायला हवे होते. पण अनामत आधीच पाठवलेली होती, म्हणून आम्ही किल्ली घेतली.

शिरोड्याच्या पुढे पोलिसांनी कागद पाहिले, तेव्हा गाडीचा विमा चार महिन्यांपूर्वीच संपल्याचे कळले. दंड २,००० रुपये झाला. त्याहून अधिक घाबरवणारी गोष्ट म्हणजे, त्या अरुंद वळणांवर कुणाला आमचा धक्का लागला असता, तर भरपाई आमच्याच गळ्यात आली असती. खासगी गाडी भाड्याने दिलेली असेल, तर चालू विमासुद्धा नाकारला जाऊ शकतो. मालवणचा बेत सोडून आम्ही वेंगुर्ल्याहूनच परतलो.

गाडी परत देताना त्या मुलाने टाकीच्या खालच्या बाजूचा ओरखडा दाखवून पूर्ण अनामत अडवली. मी वाकून पाहिले, तर ओरखड्यात जुन्या पॉलिशचा पांढरा थर वाळून घट्ट बसलेला होता. तीन दिवसांत असा थर बसत नाही. पण निघताना आम्ही गाडीच्या एकाच बाजूचे छायाचित्र काढले होते, त्यामुळे दाखवायला पुरावा नव्हता.

अशा सफरीला निघणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, गाडी समोर पाहिल्याशिवाय अनामत देऊ नका आणि पांढरी पाटी दिसली तर भाडे कितीही कमी असले तरी नकार द्या. गाडीचा क्रमांक सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकल्यास विम्याची मुदत दोन मिनिटांत दिसते. टाकी, सायलेन्सर, आरसे, चाके असे चहूबाजूंनी चित्रीकरण करून ते देणाऱ्याला तिथेच पाठवा, आणि गोव्याची गाडी महाराष्ट्रात नेणार असाल तर तशी परवानगी लेखी घ्या. १९९७च्या रेंट अ मोटरसायकल योजनेनुसार या व्यवसायाला परवाना लागतो. तो दाखवायला सांगण्यात संकोच नको.

छायाचित्र, संदेश आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून मी वाहतूक खात्याकडे लेखी तक्रार दिली आहे. अनामत अद्याप परत मिळालेली नाही.